एकच खेळ, दोन यंत्रें

मधल्या सुट्टींत विद्यार्थ्यांच्या घोळक्यांत एक वाद हटकून ऐकूं येतो. एकाच्या घरीं प्लेस्टेशन असतें, दुसऱ्याच्या घरीं एक्सबॉक्स. खेळ दोघांचा एकच. आणि तो आपल्याच यंत्रावर अधिक चांगला दिसतो, असें दोघेही छातीला हात लावून सांगतात. पालक हा वाद पोरकट समजून कानाआड करितात. परंतु असें एकादें यंत्र विकत घेण्याची वेळ आली म्हणजे हजारों रुपयांचा प्रश्न त्यांच्यापुढें उभा राहतो, व दुकानदाराच्या तोंडचे आंकडे प्रमाण मानण्यावांचून त्यांस गत्यंतर उरत नाहीं. म्हणून हे आंकडे म्हणजे काय, आणि एकच व्हिडिओ गेम दोन यंत्रांवर निरनिराळा कां दिसतो, याचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. उदाहरण मात्र आम्ही मुद्दाम जुनें घेतों. कारण ताज्या भांडणांत न्यायाधीशाचें काम करणें फार कठीण.

२०१३ सालच्या नोव्हेंबर महिन्यांत, एका आठवड्याच्या अंतरानें, अमेरिकेंत दोन कन्सोल विक्रीस निघाले: सोनी कंपनीचा प्लेस्टेशन ४ व मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स वन. पहिल्याची किंमत ३९९ डॉलर, दुसऱ्याची ४९९. कारण दुसऱ्याबरोबर कायनेक्ट नांवाचा, खेळणाराच्या हालचाली टिपणारा कॅमेरा घेणें भागच होतें. अंतरंगें मात्र दोहोंचीं सख्ख्या भावांसारखीं होतीं. दोहोंची मुख्य चिप एएमडी या एकाच कंपनीची. दोहोंत प्रोसेसरचे आठ गाभे. दोहोंत ८ गिगाबाइट मेमरी. भेद होता तो चित्र काढणाऱ्या भागांत. प्लेस्टेशनांत या कामाचीं १८ गणनकेंद्रें होतीं, एक्सबॉक्सांत १२. शिवाय मेमरींतून माहितीची ने-आण पहिल्यांत सेकंदास १७६ गिगाबाइट या वेगानें होई, दुसऱ्यांत ६८. ही उणीव भरून काढण्यासाठीं मायक्रोसॉफ्टनें चिपवरच ३२ मेगाबाइटांची एक अति वेगवान मेमरी बसविली होती. कोठीची खोली लांब पडते म्हणून गृहिणीनें ओट्यावर एक लहानसा डबा भरून ठेवावा, तशी ही व्यवस्था. पण डबा लहान, आणि मोठ्या चित्राचें सगळें सामान कांहीं त्यांत मावेना.

आतां मोठें चित्र म्हणजे काय तें पाहूं. पडद्यावरील चित्र पिक्सेल नांवाच्या बारीक ठिपक्यांचें बनलेलें असतें. आडवे १९२० व उभे १०८० ठिपके घेतले तर एका चित्रांत २०,७३,६०० ठिपके होतात. १२८० व ७२० घेतले तर ९,२१,६००. म्हणजे पहिल्या चित्राचें काम दुसऱ्याच्या सव्वादोनपट. आणि असें चित्र एकदां काढून भागत नाहीं. सिनेमांत सेकंदास २४ चित्रें सरकतात. खेळांत सेकंदास ३० किंवा ६० चित्रें, म्हणजे फ्रेम, तेथल्या तेथें नव्यानें काढाव्या लागतात. ६० हव्या असतील तर एका फ्रेमला वेळ मिळतो तो सेकंदाच्या साठाव्या भागाएवढाच. यंत्राची शक्ति ठरलेली असल्यामुळें ठिपके वाढविले कीं फ्रेम घटतात, आणि फ्रेम वाढविल्या तर ठिपक्यांत काटकसर करावी लागते. खेळ रचणारांची सारी ओढाताण येथेंच असते.

या ओढाताणीचा निकाल पहिल्याच महिन्यांत दिसला. ‘कॉल ऑफ ड्यूटी: घोस्ट्स’ हा खेळ प्लेस्टेशनवर १०८० ओळींचा निघाला, तर एक्सबॉक्सवर ७२० ओळींचें चित्र काढून तें ताणून पडद्याएवढें केलेलें होतें. ‘बॅटलफील्ड ४’ मध्यें हेच आंकडे ९०० व ७२० असे पडले. २०१४ च्या जानेवारींत ‘टूम्ब रेडर’ची नवी आवृत्ति आली, तींत दोन्हीकडे ओळी १०८०, पण एक्सबॉक्सवर फ्रेम ३०, व प्लेस्टेशनवर त्याहून पुष्कळ अधिक, कित्येक ठिकाणीं ६० पर्यंत.

हें सारें कोणी डोळ्यांनीं मोजलें काय, असा प्रश्न चाणाक्ष विद्यार्थी विचारील. इंग्लंडांतील ‘डिजिटल फाउंड्री’ ही मंडळी हाच उद्योग करीत आली आहे. कन्सोलांतून टीव्हीकडे जाणारा संकेत मध्येंच संगणकावर उतरवून घ्यावयाचा, व दोन्ही यंत्रांवर खेळांतील तोच प्रसंग शेजारीं शेजारीं ठेवावयाचा. लागोपाठच्या दोन फ्रेम हुबेहूब सारख्या निघाल्या, म्हणजे यंत्रास नवें चित्र वेळेवर देतां आलें नाहीं. असल्या जोड्या मोजल्या कीं वेग कळतो. ठिपके मोजण्याची रीत तर भूमितीच्या विद्यार्थ्यास गोडच वाटेल. चित्रांतील सुमारें ४५ अंशांनीं कललेली एकादी कड मोठी करून पाहिली तर तिला जिन्यासारख्या पायऱ्या दिसतात. १०८० ओळींच्या पडद्यावर खरें १०८० ओळींचें चित्र असेल तर २७ ओळींच्या उंचींत २७ पायऱ्या सांपडतील. १८ च सांपडल्या तर प्रमाण दोन तृतीयांश झालें; आणि १०८० चे दोन तृतीयांश म्हणजे ७२०. येथें कंपनीच्या शब्दावर विसंबण्याची गरजच उरत नाहीं.

येथवर वाचून कोणी म्हणेल कीं, वाद मिटला. अधिक केंद्रांचें यंत्र तें श्रेष्ठ. परंतु हकीकत इतकी सरळ नाहीं. २०१४ च्या जून महिन्यांत मायक्रोसॉफ्टनें कायनेक्टशिवाय यंत्र ३९९ डॉलरांस विकावयास काढलें, व त्या कॅमेऱ्यासाठीं राखून ठेविलेली चित्रशक्ति, सुमारें दहावा हिस्सा, खेळ रचणारांस मोकळी करून दिली. लागलीच सप्टेंबरांत आलेला ‘डेस्टिनी’ हा खेळ दोन्ही यंत्रांवर १०८० ओळींचा निघाला. यंत्र तेंच, पेटी तीच. बदलला तो केवळ कारभार.

त्यानंतर नोव्हेंबरांत तर पारडें उलटलें. युबिसॉफ्टचा ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ हा खेळ फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळांतील पॅरिस शहरांत घडतो, व त्यांत रस्तोरस्तीं माणसांचे लोंढेच्या लोंढे दिसतात. दोन्हीकडे ओळी ९०० व फ्रेम ३० असें ठरविलेलें होतें. प्रत्यक्षांत दोन्हीकडे वेग अडखळला; पण गर्दीच्या जागीं अधिक अडखळला तो प्लेस्टेशनच. कारण गर्दींतील प्रत्येक माणसानें कोठें जावें, कोणास चुकवावें, हें ठरविण्याचें काम चित्र काढणाऱ्या भागाचें नव्हे, मुख्य प्रोसेसरचें. आणि तो एक्सबॉक्सांत १.७५ गिगाहर्ट्‌झ वेगानें चाले, प्लेस्टेशनांत १.६ नें. अठरा केंद्रें असलीं तरी त्यांस पुरेसें काम वेळेवर हातीं न आल्यास तीं रिकामीं बसणार, हें उघड आहे.

याहून मोठें कारण माणसाच्या हाताचें असतें, व आमच्या मतें याकडेच सर्वांत कमी लक्ष जातें. याच कंपन्यांच्या आधींच्या पिढींतलें एक उदाहरण देतों. २००९ सालीं प्लॅटिनम गेम्स या जपानी मंडळीनें ‘बायोनेटा’ हा खेळ एक्सबॉक्स ३६० समोर ठेवून रचला. प्लेस्टेशन ३ वर तो उतरविण्याचें काम सेगा कंपनीनें केलें. या दुसऱ्या रूपांत फ्रेम घटल्या, व खेळ मेमरींत भरतांना ताटकळावें लागूं लागलें. यंत्र दुबळें म्हणावें, तर त्याच महिन्यांत त्याच प्लेस्टेशन ३ साठीं मुळापासून रचलेला ‘अनचार्टेड २’ निघाला, व त्याच्या देखणेपणाची जिकडे तिकडे वाहवा झाली.

२०२० च्या नोव्हेंबरांतही हाच प्रकार पुन्हां घडला. एक्सबॉक्स सिरीज एक्सची चित्रशक्ति १२ टेराफ्लॉपांची, प्लेस्टेशन ५ ची १०.२८, तरी आरंभीं ‘असॅसिन्स क्रीड वल्हाला’ हा खेळ प्लेस्टेशनवरच अधिक स्थिर चालला. पुढें दुरुस्त आवृत्ति आल्यावर हें अंतर बरेंच बुजलें. म्हणून पालकांनीं कोणतीही तुलना वाचतांना तिची तारीख आधीं पाहावी, आणि मुलगा कोणता खेळ खेळणार आहे हें त्यालाच विचारून त्या खेळाचीच तुलना पाहावी. पेटीवरील टेराफ्लॉप पाहून पैसे मोजूं नयेत.

आतां राहतां राहिला घरचा टीव्ही. निरोगी डोळ्यास साधारणपणें एका अंशाच्या साठाव्या भागाहून बारीक ठिपके वेगळे ओळखतां येत नाहींत. या हिशेबानें ४० इंची पडद्यावरील १०८० ओळींचा बारीकपणा पुरता दिसण्यासाठीं सुमारें पांच फुटांवर बसावें लागतें; आणि आठ फुटांच्या पलीकडे गेल्यास १०८० व ७२० यांतील भेद जवळजवळ मावळतो. फ्रेमांचा भेद मात्र अंतरानें पुसला जात नाहीं. तीस आणि साठ यांतील फरक खोलीच्या दुसऱ्या टोकाहूनही जाणवतो.