एका वाड्याचे दोन पत्ते

उपग्रहावरून छपरावरच्या तबकडींत उतरणारें दूरचित्रवाणीचें चित्र आतां आंकड्यांच्या रूपानें येतें. तो प्रवाह म्हणजे १८८ बाइटांच्या पाकिटांची न संपणारी रांग. प्रत्येक पाकिटाचा पहिला बाइट ठरलेला, दशमानांत ७१. पुढच्या दोन बाइटांत तेरा बिटांचा एक क्रमांक असतो. ८१९२ क्रमांकांपैकीं तो कोणता, यावरून पाकीट चित्राचें कीं आवाजाचें, सह्याद्रीचें कीं दुसऱ्या एखाद्या वाहिनीचें, हें ओळखतां येतें. सेकंदाला ३८ दशलक्ष बिट हा उपग्रहाच्या एका वाहकाचा नेहमींचा वेग धरला, तर सेकंदाला २५ हजारांहून अधिक पाकिटें दाराशीं येतात. त्यांतून हवीं तेवढीं निवडणें हें डीमक्स नांवाच्या भागाचें काम.

निवडलेलीं पाकिटें प्रथम जातात तीं कर्नलाकडे. कर्नल म्हणजे संगणकाच्या कारभाराचा गाभा; ट्यूनरशीं बोलण्याचा अधिकार त्याचाच. चित्र उलगडणारा प्रोग्रॅम हा भिंतीपलीकडचा रहिवासी. या भिंतीचा पुष्कळांना जाच वाटतो. पण ती नसती तर एका प्रोग्रॅमाच्या चुकीनें शेजाऱ्याची स्मृति पुसली गेली असती आणि सबंध पेटी बंद पडली असती. म्हणून जुनी रीत अशी कीं, प्रोग्रॅमानें अर्ज करावा आणि कर्नलानें आपल्या दप्तरांतील मजकुराची नक्कल त्याच्या हवालीं करावी. कचेरींतून दस्तऐवजाची नक्कल ज्यांनीं मिळविली असेल, त्यांना यांतील खोळंबा सांगावयास नको. लिहिण्याचें काम दुप्पट होतें, आणि प्रत्येक अर्जापायीं प्रोसेसरला एका बाजूचें काम थांबवून भिंत ओलांडावी लागते.

या खटाटोपाला दुसरा मार्ग आहे. प्रोग्रॅमाला दिसणारे स्मृतीचे पत्ते खरे नसतात. प्रत्येकाला स्वतंत्र वस्ती मिळते, आणि तिच्यांतील पत्ता खऱ्या स्मृतींत कोठें पडतो, हें प्रोसेसर एका कोष्टकांत पाहून ठरवितो. हें कोष्टक पानवार असतें. बहुतेक यंत्रांत एक पान ४०९६ बाइटांचें. मँचेस्टर येथील ॲटलस संगणकानें १९६२ सालीं ही पानांची कल्पना व्यवहारांत आणली, तेव्हां हेतु निराळा होता: लहान स्मृतींत मोठें काम बसविणें. पण कोष्टक एकदां हातीं आल्यावर दुसरी गोष्ट सहज सुचते. दोन पत्त्यांसमोर एकाच खऱ्या पानाची नोंद केली तर? पुण्याच्या पेठांतील एखाद्या जुन्या वाड्याचा पुढचा दरवाजा एका बोळांत आणि मागचा दुसऱ्या बोळांत उघडे. टपालवाल्याच्या दृष्टीनें पत्ते दोन, आंतला चौक एकच. कर्नलाचा बफर प्रोग्रॅमाच्या वस्तींत असाच उघडतो. उघडतात तीं नेमलेलीं पानेंच; इतरत्र भिंत अभंग राहते. युनिक्सच्या परिभाषेंत या क्रियेचें नांव एम-मॅप.

दार पाडलें कीं नवा प्रश्न उभा राहतो. एक लिहीत असतां दुसरा वाचूं लागला, तर अर्धें जुनें अर्धें नवें असें कांहीं तरी हातीं लागेल आणि पडद्यावर नुसते चौकोन दिसतील. म्हणून बफर अनेक असतात, आणि त्यांची ये-जा रतिबाच्या भांड्यांसारखी चालते. प्रोग्रॅम रिकामें भांडें रांगेंत लावतो. कर्नल तें भरतो. भरल्याची वर्दी येतांच प्रोग्रॅम आंतील पाकिटें वापरतो आणि भांडें पुन्हां रांगेंत ठेवतो. भांडें जागचें हलत नाहीं. हलतो तो केवळ त्यावरील हक्क. यांत हयगय मात्र चालत नाहीं. प्रोग्रॅमानें भांडीं अडकवून ठेवलीं तर कर्नलाला ओतावयास जागा उरत नाहीं, आणि गवळी थोडा वेळ थांबेल तसें प्रक्षेपण थांबत नाहीं. सामन्यांतील नेमका तोच चेंडू घरच्या मंडळींना दिसत नाहीं.

बफराऐवजीं यंत्राचीं स्वतःचीं नोंदस्थानें प्रोग्रॅमाला उघडून द्यावयाचीं असतील तर सावधगिरी आणखी वाढते. प्रोसेसर नुकतें वाचलेलें जवळच्या कॅशमध्यें ठेवतो. यंत्राची स्थिति बदलली तरी तो जुनेंच उत्तर देत राहील. म्हणून अशा पानांसमोर 'कॅश करूं नये' अशी खूण लागते. शिवाय येथें चुकीचा आंकडा लिहिला गेला तर प्रोग्रॅमाबरोबर यंत्रही अडूं शकतें. चित्र दाखविणाऱ्या साध्या प्रोग्रॅमाला हा अधिकार न देणेंच शहाणपणाचें.

मग नफा किती? ३८ दशलक्ष बिट म्हणजे सेकंदाला पावणेपांच दशलक्ष बाइट. टेबलावरच्या संगणकाला एवढी नक्कल म्हणजे डाव्या हातचा मळ. खरी ओढाताण होते ती लहान पेटींत, जेथें प्रोसेसर बेताचा, ट्यूनर एकाहून अधिक, आणि एक वाहिनी पाहतांना दुसरी मुद्रित करावयाची असते. तेथें नकलेपेक्षांही भिंत ओलांडण्याच्या खेपा जाचतात.

लिनक्सच्या कॅमेरा-विभागांत ही सोय पूर्वींपासून होती. डिजिटल दूरचित्रवाणीच्या विभागांत ती एप्रिल २०१८ मधील ४.१६ या आवृत्तींत दाखल झाली. तींतही पाकिटें निवडून बफरांत मांडण्याचें काम कर्नलालाच करावें लागतें. टळते ती प्रोग्रॅमासाठीं होणारी दुसरी नक्कल. सोय देतांनाच तिच्यावर 'प्रायोगिक' अशी चिठ्ठी लावून, ज्याला खात्री नसेल त्यानें ती बंद ठेवावी, असें सुचविण्यांत आलें. जुना मार्गही तसाच ठेवण्यांत आला. नक्कल मागणाऱ्याला ती पूर्वींप्रमाणें मिळत राहिली.