ठळक म्हणजे मोठ्याने नव्हे, तिरके म्हणजे हळू नव्हे

तत्त्वज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक आज अक्षरांच्या वळणावर काय बोलणार, असं काहींना वाटलं असेल. पण आमची बरीच वर्षं प्रबंध तपासण्यात गेली आणि त्यांत एक गोष्ट आम्हाला कायम छळत आली. विद्यार्थी एखादं वाक्य आधी ठळक करतो. समाधान होत नाही म्हणून तिरकं करतो, आणि त्याखाली रेघही मारतो. त्याची समजूत अशी, की ठळक म्हणजे जोर आणि ठळक-तिरकं म्हणजे दुप्पट जोर. ही समजूत चुकीची आहे. ती का चुकीची, हे पाहायला रोमन लिपीतला स्लॅब सेरिफ हा टंक फार उपयोगी पडतो.

सेरिफ म्हणजे अक्षराची रेघ जिथे संपते तिथे काढलेला छोटा पाय. पुस्तकाच्या नेहमीच्या टंकात तो निमुळता असतो. स्लॅब सेरिफमध्ये तो जाड आणि चौकोनी, आपल्या घराच्या स्लॅबसारखाच. लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्सने १८१५च्या सुमारास असे खिळे विकायला आणले. काळ जाहिरातींचा होता, अक्षर रस्त्याच्या पलीकडून दिसायला हवं होतं. म्हणजे हा जन्माने ओरडणारा टंक.

पुढे १८४५मध्ये रॉबर्ट बेस्लीच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीने क्लॅरेंडन काढला आणि ओरडणाऱ्याला सभ्यांच्या पंगतीत बसवलं. साध्या मजकुराच्या ओळीतच एखादा शब्द ठळक उठून दिसावा, हे त्याचं काम. बेस्लीने त्याची तीन वर्षांसाठी नोंदणीही केली होती. मुदत संपताच इतरांनी नकला केल्या, म्हणजे गरज खरी होती. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशातले मुख्य शब्द क्लॅरेंडनमध्येच छापले गेले.

आता कोशाचं पान डोळ्यांसमोर आणा. ठळक शब्द आपल्याला वाचण्याच्या आधी दिसतो, डोळा थेट तिथे जातो. तिरक्या शब्दाचं तसं नाही. वाचत वाचत आपण त्याच्याशी पोचतो आणि तिथे मनातला आवाज बदलतो: हा शब्द परका आहे, किंवा हे ग्रंथाचं नाव आहे. ठळक अक्षर जागा दाखवतं, तिरकं अक्षर जात सांगतं. व्हेनिसच्या आल्दुस मानुतिउसने १५०१मध्ये फ्रान्चेस्को ग्रिफोच्या तिरक्या खिळ्यांत अख्खा व्हर्जिल छापला, तेव्हा तर त्यात जोराचा संबंधच नव्हता.

आमच्या विषयातलं उदाहरण घेऊ. कांटचा ग्रंथ जर्मन फ्राक्टुर वळणात छापला गेला. त्यात जोर द्यायचे शब्द वेगळे उठवलेले होते आणि लॅटिन शब्द रोमन वळणात होते. १९९८च्या केंब्रिज भाषांतरात गायर आणि वुड यांनी पहिल्यांसाठी ठळक आणि दुसऱ्यांसाठी तिरकी अक्षरं ठेवली. दोन्ही तिरकी केली असती, तर कांटने जोर कुठे दिला आणि केवळ लॅटिन शब्द कुठे वापरला, हे वाचकाला कळलंच नसतं.

दोन स्वतंत्र भेद असले की घरं चार होतात. साधं, तिरकं, ठळक, आणि ठळक-तिरकं. हे चौथं घर कधी लागतं? इंग्रजी प्रकरणाचं शीर्षक आहे, 'रिपब्लिकमधील न्याय'. शीर्षक म्हणून सगळं ठळक. पण 'रिपब्लिक' हा प्लेटोचा ग्रंथ आहे की राज्यव्यवस्था? ग्रंथ असेल तर तो ठळकातही तिरका राहिला पाहिजे. इथे जोर दुप्पट झालेला नाही, फक्त ग्रंथाची जात टिकली आहे.

हे अक्षर घडवणं मात्र अवघड. स्लॅबचे पाय जमिनीला घट्ट टेकलेले, आणि तिरक्या अक्षराचा जीव पुढे झुकण्यात! एक मार्ग म्हणजे उभं अक्षर नुसतं कलतं करायचं. मोनोटाइपच्या १९३४च्या रॉकवेलमध्ये तसंच केलेलं आहे. ते यंत्राला शोभतं, पण ओळीत वेगळा आवाज फारसा येत नाही. दुसरा मार्ग हाताच्या लिखाणाकडे परत जाण्याचा. पेटर मथियास नूर्डझाय यांच्या १९९०च्या सिसिलियात तिरक्या अक्षरांची वळणं नव्याने काढलेली आहेत. किंडलवर पुस्तकं वाचणाऱ्यांनी हा टंक पाहिला असेल. त्यातून अक्षर ठळक करायचं म्हणजे रेघ जाड, पाय जाड, आणि आतली पांढरी जागा बुजत चाललेली. मग वळण उभ्या रेघेला जिथे मिळतं तिथे कारागीर हलकेच मांस काढून घेतो, आडव्या रेघा उभ्यांपेक्षा थोड्या बारीक ठेवतो. क्लॅरेंडनच्या बहुतेक आवृत्त्यांनी हा व्याप टाळलाच, त्यांना तिरका जोडीदारच नव्हता. ती उणीव भरायला २००९मध्ये होफ्लर आणि फ्रिअर-जोन्स यांनी सेंटिनल काढला. ठळक-तिरका स्लॅब दोन-चार शब्दांना छान दिसतो. परिच्छेदभर वापरला की डोळे शिणतात.

आणि आपली देवनागरी? तिला तिरक्या अक्षरांची परंपरा नाही. संगणक उभा दंड कलता करून देतो, शिरोरेघ मात्र आडवीच राहते, आणि अक्षर वाऱ्याने कललेल्या खांबासारखं दिसतं. आमच्या लहानपणीचे जुळारी ग्रंथाच्या नावाला एकेरी अवतरणचिन्ह लावत. ठळक शीर्षकातही ते तसंच चालतं, म्हणून आम्ही विद्यार्थ्यांना अजून तेच सांगतो.