आदेशाची नक्कल

9 एप्रिल 2011 रोजी अण्णा हजारे यांनी जंतरमंतरवरचे उपोषण सोडले. लोकपालाच्या मसुद्यासाठी संयुक्त समिती नेमायला केंद्र सरकार तयार झाले होते आणि नगर जिल्ह्यातल्या त्यांच्या राळेगणसिद्धी गावाचे नाव देशभर पोचले होते. दोनच दिवसांनी, 11 एप्रिलला, दिल्लीतून माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे नवे नियम निघाले. कोणी एखाद्या मजकुराबद्दल तक्रार केली, की तो जिथे आहे त्या कंपनीने 36 तासांत कारवाई करायची. लिहिणाऱ्याला विचारण्याची अट त्यात नव्हती. नियमांची तयारी आधीपासून चाललेली होती; आंदोलनामुळे ते आले असे म्हणता येत नाही. पण इंटरनेटवरचा राजकीय निषेध आणि त्याला लागणारा चाप, या दोन्ही गोष्टी त्या आठवड्यात एकदमच पुढे आल्या.

त्या वर्षी लोक मिस्ड कॉल देऊन आंदोलनात सामील होत होते. फेसबुकवर सभेची जागा नि वेळ कळत होती. ऑगस्टमध्ये अण्णांना अटक झाली, तेव्हा तिहारमध्ये चित्रित झालेला त्यांचा संदेश यूट्यूबवर फिरला. पारनेर तालुक्यातल्या या माणसाचे म्हणणे संपादकाच्या टेबलावरून न जाता थेट लोकांपर्यंत पोचत होते.

डिसेंबरात अण्णा मुंबईत एमएमआरडीए मैदानावर बसले. असीम त्रिवेदी या तरुण व्यंगचित्रकाराची भ्रष्टाचारविरोधी चित्रे तिथे लागली होती. तक्रार गुन्हे शाखेकडे गेली आणि ज्या कंपनीकडे त्यांचे संकेतस्थळ नोंदवलेले होते, तिने ते बंद केले. न्यायालयाचा आदेश नव्हता. सप्टेंबर 2012 मध्ये त्रिवेदींना अटक झाली. राजद्रोहाचे कलम 124अ लागले, सोबत माहिती तंत्रज्ञान कायद्याचे 66अ, म्हणजे ऑनलाइन ‘आक्षेपार्ह’ संदेशांचे कलम. ओरड झाल्यावर राजद्रोहाचा आरोप मागे घेतला गेला. नोव्हेंबरात बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद कशासाठी, असे फेसबुकवर विचारणारी पालघरची एक तरुणी आणि ती पोस्ट आवडल्याचे दाखवणारी तिची मैत्रीण, दोघींना पोलिसांनी धरून नेले.

तेव्हाची दडपशाही उघड होती. पोलीस दारात येत, कलम सांगत, कोर्टात उभे करत. म्हणूनच तिच्याशी लढता आले. पालघरच्या घटनेनंतर श्रेया सिंघल ही तरुणी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि 24 मार्च 2015 रोजी 66अ रद्द झाले. तरीही पोलीस ठाण्यांत ते वापरात राहिलेच. 2022 मध्ये न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले. त्याच वर्षी, महाविकास आघाडीच्या राज्यात, शरद पवारांबद्दलची दुसऱ्याची कविता फेसबुकवर टाकल्याबद्दल अभिनेत्री केतकी चितळे महिन्याहून अधिक काळ कोठडीत होत्या. सरकार कोणाचेही असो, खाकीचा हात तिथेच जातो.

मधल्या काळात नगर जिल्ह्याने आणखी एक आंदोलन दिले. 1 जून 2017 ला राहाता तालुक्यातल्या पुणतांब्यातून शेतकरी संप सुरू झाला. दूध रस्त्यावर ओतल्याचे व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवरून गावोगाव गेले. 3 जूनच्या पहाटे मुख्यमंत्र्यांशी बोलून काही नेत्यांनी संप मागे घेतला, तेव्हा त्यांच्याविरुद्धचा संतापही त्याच मोबाइलवर उसळला आणि संप चालूच राहिला. महिना संपायच्या आत 34 हजार कोटींच्या कर्जमाफीची घोषणा झाली.

त्याच वर्षीच्या ऑगस्टात इंटरनेट तात्पुरते बंद करण्याचे केंद्राचे नियम आले. ते काय असते, हे मराठा आरक्षण आंदोलनात 2023 आणि 2024 मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्याने अनुभवले. नेट गेले की अफवांबरोबर फोनपे जाते, रेशन दुकानातले अंगठ्याचे यंत्र अडते, मार्केट यार्डातला कांद्याचा भाव कळत नाही. आंदोलन न करणाऱ्यालाही शिक्षा होते.

तरीही नेटबंदी सर्वांना दिसते. असे आदेश प्रसिद्ध करा, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये सांगितलेले आहे. जे दिसत नाही ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 69अ; त्याखाली सरकार इंटरनेटवरचा मजकूर रोखायला लावते. 66अ गेले त्याच निकालात हे टिकले. कारणे लेखी नोंदवावी लागतात, म्हणजे न्यायालयात आव्हान देता येईल, हा न्यायालयाचा एक आधार होता. पण त्या कलमाखालच्या 2009 च्या नियमांतला सोळावा नियम तक्रार आणि कारवाई गुप्त ठेवायला सांगतो. फेब्रुवारी 2021 मध्ये दिल्लीच्या वेशीवर शेतकरी बसलेले असताना ट्विटरवरची अडीचशेच्या आसपास खाती एका फटक्यात रोखली गेली. त्यात ‘कॅरव्हान’ मासिकाचे खातेही होते. अशा वेळी खात्याच्या जागी, भारतात रोखले आहे, एवढी ओळ दिसते. कारण लेखी आहे, पण ज्याचे तोंड बंद झाले त्याच्या हाती ते पडत नाही. मग आव्हान द्यायचे कशाला?

लढून मिळतही असते. सरकारविषयीची ‘खोटी’ माहिती कोणती हे सरकारनेच ठरवण्याचा नियम मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर 2024 मध्ये रद्द केला. विनोदकार कुणाल कामरा त्यात अर्जदार होते. पण तो नियम छापील होता, सर्वांसमोर होता. गुप्त आदेशाला असा अर्जदार मिळणे अवघड.

2006 च्या ऑगस्टमध्ये अण्णा आळंदीला उपोषणाला बसले होते. फाइलीवरचे शेरे माहिती अधिकारातून वगळायचा केंद्राचा विचार होता. निर्णय कोणी आणि का घेतला, हे त्या शेऱ्यांवरून कळते. सरकारने पाऊल मागे घेतले. लोकपालाच्या गर्दीपुढे ती लढाई विस्मरणात गेली. आज मात्र तीच जास्त कामाची आहे. सातबारा असो की फेरफार, नगरचा माणूस कचेरीत गेला की आधी नक्कल मागतो, कारण नकलेशिवाय अपील होत नाही. ज्याचे खाते रोखले त्याला आदेशाची नक्कल द्यायलाच हवी, ही मागणी त्याहून मोठी नाही. ती मान्य करायला नवा कायदाही लागत नाही. सोळावा नियम काढला तरी सुरुवात होते.