पानाचा फोटो बांधावरच द्या



उसाचे पान पिवळे पडले, ते नत्र कमी पडल्याने की पांढऱ्या माशीने? पानाच्या खालच्या बाजूचा स्पष्ट फोटो पाहून आम्हाला सांगता येते. नाहीतर औषधाचा पैसा पाण्यात!

पवन मावळात, लोणावळ्याच्या डोंगरकुशीत रेंज नसली तरी अडत नाही. फोनला फोन टेकवून एनएफसीने माहिती देण्याची 'अँड्रॉइड बीम' सोय २०११ साली आली. २०१९ पासून ती मागे पडली. आता 'क्विक शेअर' वापरावे. दोन्ही फोनचे ब्लूटूथ व वाय-फाय चालू ठेवा, फोटोवरचे 'शेअर' दाबा, चिटबॉयचा फोन निवडा. त्याने स्वीकारला की फोटो पोचला. इंटरनेट लागत नाही. अनोळखी माणसाने पाठवलेले मात्र स्वीकारू नये.

आधी फोटो, मग फवारणी!