मधुमती: नाव मुलीचं, पण ताम्रपटात?

अरबी नावांचे अर्थ धुंडाळायचा मला नाद आहे, आणि त्यातलं सगळ्यात मजेदार नाव सापडलं ते तारापूरला लागून असलेल्या चिंचणीत.

इथे मिळालेल्या राष्ट्रकूटकालीन ताम्रपटांपैकी एक शके 848 चा, म्हणजे इ.स. 926 चा. संजाण परिसराचा कारभार राष्ट्रकूट राजा दुसऱ्या कृष्णाने एका 'ताजिक' अधिकाऱ्याकडे सोपवला होता, असं त्यात आहे. ताजिक म्हणजे अरब. त्याचं नाव मधुमती! हे 'मुहम्मद'चं संस्कृत रूप, असं अभ्यासक मानतात. लेख संस्कृत, मग नावालाही संस्कृत कपडे चढवले. या अधिकाऱ्याने नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, अन्नछत्र घातलं. भात, कालवण आणि तूपसुद्धा! एका देवीच्या मठासाठी दिलेलं दानही याच पटात नोंदलंय.

अर्थ बघा. मुहम्मद म्हणजे खूप स्तुती झालेला, मूळ ह-म-द. त्याच मुळापासून मुलींची हमीदा, महमूदा आणि आपल्याकडे क्वचितच ऐकू येणारं हमदा. संस्कृत मधुमती मात्र स्वतंत्र शब्द, अर्थ मधाने भरलेली. दोघांचं नातं फक्त उच्चाराचं, हे लक्षात ठेवा; नाहीतर उद्या कुणीतरी 'मधुमती अरबी नाव आहे' असं फॉरवर्ड करायचं.

1958 च्या बिमल रॉय यांच्या 'मधुमती' सिनेमामुळे हे नाव घरोघरी पोचलं. आता बारशाला फारसं कानावर येत नाही. तुमच्या घरात कुणी मधुमती किंवा हमदा आहे का? कमेंटमध्ये जरूर सांगा.