मालकीचा खेळ कीं भाड्याचा खेळ?

व्हिडिओ गेम म्हणजे काय, हें आपल्या विद्यार्थिवर्गास सांगावयास नको. कोणी दूरचित्रवाणीच्या पडद्यास यंत्र जोडून खेळतो, कोणी संगणकावर, आणि पुष्कळजण वडील माणसांचा मोबाइल मागून घेऊन. परंतु फार दिवस एक गोष्ट ठरलेली होती: खेळ विकत आणावयाचा आणि तो आपल्या यंत्रावर चालवावयाचा. हा क्रम मोडणारी एक तऱ्हा गेल्या पंधरा वर्षांत पुढें आली आहे. तिला ‘क्लाऊड स्ट्रीमिंग’ म्हणतात. तिच्यामुळें खेळ विकत घेण्याचें कारणच उरणार नाहीं कीं काय, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

क्लाऊड म्हणजे मेघ खरा. पण हा मेघ आकाशांत नसून जमिनीवर, एखाद्या थंड राखलेल्या मोठ्या इमारतींत असतो. तेथें बलाढ्य संगणक रांगेनें मांडलेले असतात व खेळ चालतो तो त्यांपैकीं एकावर. आपण घरीं कळ दाबली कीं ती खूण तारेनें तेथें पोंचते. तेथील संगणक खेळांतील पात्रास उडी मारावयास लावतो, त्या क्षणाचें चित्र तयार करतो, तें आवळून लहान करतो आणि आपल्याकडे धाडतो. चांगल्या खेळास सेकंदाला अशीं ६० चित्रें लागतात. म्हणजे एका चित्राच्या वांट्यास सुमारें १७ मिलिसेकंद आले. चित्रपट पाहतांना पुढील भाग थोडा अगोदर आणून ठेवितां येतो. खेळांत ती सोय नाहीं; कारण खेळणारा पुढें कोणती कळ दाबणार, हें त्याचें त्यालाच ठाऊक नसतें!

येथें अंतराचा प्रश्न उभा राहतो. कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें २ लाख किलोमीटर धांवतो. संगणक १,००० किलोमीटर दूर असेल, तर नुसत्या जाण्यायेण्यासच १० मिलिसेकंद लागतात. वाटेंतील यंत्रांचा व चित्र आवळण्या-उलगडण्याचा वेळ निराळाच. बुद्धिबळास ह्यानें कांहीं बिघडत नाहीं. मोटारींच्या शर्यतींत मात्र वळण हुकतें. शिवाय खर्च आहेच. ‘जीफोर्स नाऊ’ नांवाची सेवा चालविणारी एनव्हिडिया कंपनी १०८० रेषांच्या चित्रासाठीं सेकंदाला २५ मेगाबिट वेग असावा असें सांगते. हा वेग पुरा वापरला, तर तासाभरांत ११ गिगाबाइटांहून अधिक डेटा खर्चीं पडतो. ज्याच्या मोबाइलास दिवसाला दोन गिगाबाइटांचा शिधा ठरलेला आहे, त्याचा खेळ अकराव्या मिनिटास आटोपला म्हणावयाचा.

तथापि ह्या पद्धतीचा मोठा गुणही सांगितला पाहिजे. महागडें यंत्र घेण्याची ज्याची ऐपत नाहीं, त्यास जुन्या संगणकावरही उत्तमोत्तम खेळ खेळतां येतात. थोड्या वर्गणींत वाचनालयांतील शेकडों पुस्तकें वाचावयास मिळावीं, तसाच हा लाभ आहे. वेगाची अडचण तर कालांतरानें पुष्कळशी दूर होईल. माझ्या मतें खरी अडचण वेगाची नव्हेच.

अमेरिकेंत २०१० सालीं ‘ऑनलाइव्ह’ ही सेवा निघाली व २०१५ च्या एप्रिलअखेर बंद पडली. पुढें गूगलसारख्या धनाढ्य कंपनीनें १९ नोव्हेंबर २०१९ रोजीं १४ देशांत ‘स्टेडिया’ सुरू केली. येथें वर्गणीशिवाय निरनिराळे खेळ दाम मोजून ‘विकतही’ मिळत. पण विकत घेतलेला खेळ राही गूगलच्याच संगणकावर. तीन वर्षें पुरीं होण्यापूर्वींच २९ सप्टेंबर २०२२ रोजीं कंपनीनें दुकान आवरतें घेत असल्याचें जाहीर केलें. १८ जानेवारी २०२३ रोजीं स्टेडिया बंद झाली. गूगलनें खेळांचे व आपल्याकडून घेतलेल्या साहित्याचे पैसे परत केले, हें तिला शोभण्यासारखेंच झालें. परंतु खेळांचें काय? केवळ स्टेडियासाठीं निघालेला ‘गिल्ट’ त्याच्या कर्त्यांनीं २०२३ च्या जुलैंत इतर यंत्रांवर आणला, म्हणून वांचला. ‘आउटकास्टर्स’ मात्र सेवेबरोबरच नाहींसा झाला. सर्वांत शेवटीं, १३ जानेवारीस, ‘वर्म गेम’ नांवाचा एक साधा खेळ लोकांस दिला गेला. कारागिरांनीं स्टेडियाची चाचणी घेतांना वापरलेला तो खेळ होता. त्यास पांच दिवसांचें आयुष्य लाभलें.

वाचनालय बंद पडलें, तरी त्यांतील पुस्तकाची प्रत कोठें ना कोठें एखाद्याच्या फडताळांत सांपडते. ज्या खेळाची प्रत कोणाच्याच हातीं दिलेली नसते, तो शोधावयाचा कोठें?

ह्यावर कोणी म्हणेल, विकत घेतलेला खेळ तरी कोठें आपला असतो? हा आक्षेप खरा आहे. युबिसॉफ्टचा ‘द क्रू’ हा मोटारींच्या शर्यतींचा खेळ २०१४ सालीं निघाला. लोकांनीं त्याच्या तबकड्या विकत घेतल्या. पण कंपनीच्या संगणकाशीं बोलल्यावांचून तो चालत नसे. ३१ मार्च २०२४ रोजीं तो संगणक बंद झाला आणि घरांतील तबकडी निरुपयोगी ठरली. त्यांतून खेळ मारूं नयेत अशी चळवळ उभी राहिली, व युरोपांत तिच्या मागणीपत्रावर २०२५ च्या जुलैपर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. कॅलिफोर्नियांत तर १ जानेवारी २०२५ पासून कायदाच आहे कीं, जो विक्रेता मालकी न देतां केवळ वापराचा परवाना देतो, त्यानें तसें ग्राहकास स्पष्ट सांगावें.

तेव्हां वस्तु घरांत असणें एवढ्यानें मालकी सिद्ध होत नाहीं. दुसऱ्या कोणाच्या परवानगीवांचून ती चालली पाहिजे. ह्या कसोटीस आज विकले जाणारे पुष्कळ खेळ उतरत नाहींत, आणि क्लाऊडवरील खेळ तर कधींच उतरणार नाहीं. एकदां खेळून सोडून द्यावयाचा खेळ भाड्यानें खुशाल घ्यावा; त्यासाठीं महाग यंत्र घेणें मला उधळेपणाच वाटतो. पण जो खेळ दहा वर्षांनीं धाकट्या भावंडास दाखवावा असें वाटतें, त्याची आपल्याच यंत्रावर चालणारी प्रत जवळ ठेवणें इष्ट.

स्टेडियाचा हातांत धरावयाचा कंट्रोलर मात्र अनेकांकडे अद्याप आहे. सेवा बंद होण्याच्या सुमारास गूगलनें त्यास ब्लूटूथवर चालविण्याची सोय करून दिली. ज्यांनीं ती करून घेतली, ते त्याच कंट्रोलरनें आज दुसरे खेळ खेळतात.