वर्गव्यवस्थापन : शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा पाठ

चांगला वर्ग कोणता, असे विचारले तर बहुतेक पालक आणि काही शिक्षकसुद्धा एकच उत्तर देतात : टाचणी पडली तरी आवाज यावा इतका शांत वर्ग. मुख्याध्यापक व्हरांड्यातून फेरी मारतात तेव्हा ज्या वर्गातून आवाज येत नाही त्या वर्गाच्या शिक्षकाचे कौतुक होते. परंतु धाकाने दबलेली मुलेही शांत असतात, आणि ज्यांना काहीच कळलेले नसते ती मुले तर सर्वांत शांत असतात. तेव्हा शांततेवरून वर्गाची पारख करण्यात अर्थ नाही. वर्गात असलेली जागा, मिळालेला वेळ, साहित्य आणि शिक्षकाचे लक्ष यांची वाटणी अशी करणे की ठरलेला पाठ प्रत्येक मुलाच्या पदरात पडेल, हे वर्गव्यवस्थापन होय. ही वाटणी नीट झाली की शिस्त बव्हंशी आपोआप येते.

आपल्यासारख्या अनेक संस्था समाजमंदिरात किंवा विहारात सायंकाळचे अभ्यासवर्ग चालवतात. तेथे शिकविणारे तरुण-तरुणी बहुधा महाविद्यालयात शिकत असतात. विषय त्यांना येतो, उत्साहही असतो, पण चाळीस मुले समोर बसली की पहिल्या आठवड्यातच घसा बसतो. त्यांना आणि अध्यापक विद्यालयात शिकणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना डोळ्यांसमोर ठेवून हे विवेचन केले आहे.

प्रथम जागेचा विचार करू. वर्गात कोण कोठे बसतो ही गोष्ट किरकोळ वाटते, पण आपल्या समाजाला तरी ती किरकोळ वाटू नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात आपल्या सातारच्या शाळेविषयी लिहिले आहे. वर्गात गुणानुक्रमाने त्यांची जी जागा होती तेथे त्यांना बसता येत नसे. एका कोपऱ्यात, वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे. शाळा झाडणारा नोकर त्या गोणपाटाला हात लावत नसे, म्हणून ते रोज संध्याकाळी घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडल्याशिवाय पाणी नाही. शिपाई नसला तर पाणीही नाही. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात गुरुजींनी त्यांना गणित सोडविण्यासाठी फळ्याकडे बोलावले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे हलविण्यासाठी मुलांनी एकच धावाधाव केली, हा प्रसंग धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रामुळे सर्वांना माहीत आहे. या दोन्ही आठवणींत शिकविलेला पाठ काय होता याचा उल्लेख नाही. बसायची जागा, पाण्याचा नळ आणि फळ्यापर्यंतची वाट एवढेच त्यांत आहे. मुलाच्या मनावर वर्गाची व्यवस्था पाठाच्या आधी उमटते, ती अशी.

आज गोणपाट गेले. तरीही कोणत्याही वर्गात शिरून पाहावे : हुशार, नीटनेटकी, शिक्षकांच्या ओळखीची मुले पुढे आणि उशिरा आलेली, कळकट कपड्यांतली, मागे पडलेली मुले मागे. हे कोणी मुद्दाम करतेच असे नाही. व्यवस्था न लावली की ती अशीच लागते. यावर सोपा उपाय म्हणजे दर सोमवारी रांगा फिरविणे. पहिली रांग शेवटी जाईल, बाकीच्या एकेक पुढे सरकतील. याला अपवाद दोनच : ज्याला दूरचे दिसत नाही आणि ज्याला कमी ऐकू येते. फळ्यावरचे आकडे वारंवार चुकीचे उतरवून घेणारे मूल निष्काळजी आहे असे ठरविण्यापूर्वी त्याला पुढे बसवून पाहावे. पुष्कळदा त्याला चष्म्याची गरज असते, शिक्षेची नसते.

बैठकीविषयी आणखी थोडे. उजेड मुलांच्या डाव्या बाजूने यावा, म्हणजे उजव्या हाताने लिहिणाऱ्यांच्या वहीवर हाताची सावली पडत नाही. दोन रांगांमध्ये शिक्षकाला शेवटपर्यंत चालत जाता येईल एवढी वाट हवीच. जो शिक्षक टेबल सोडत नाही त्याचा वर्ग तिसऱ्या बाकापाशी संपतो. शिकवायला सुरुवात करण्यापूर्वी एकदा स्वतः शेवटच्या बाकावर बसून फळ्याकडे पाहावे. तेथून अक्षर वाचता आले नाही तर अक्षर मोठे काढावे. फळा चकाकत असेल तर खिडकी लावावी किंवा फळा थोडा तिरका करावा.

जागेसारखीच कामांचीही वाटणी असते. फळा पुसणे, वर्ग झाडणे, पाणी आणणे, खडू आणायला कार्यालयात जाणे, वह्या गोळा करणे, हजेरीपट नेऊन देणे. यांतील काही कामे मानाची आणि काही कष्टाची मानली जातात. मानाची कामे ठराविक मुलांना आणि झाडू ठराविक मुलांच्या हाती, असे जेथे घडते तेथे नागरिकशास्त्राचा समतेवरचा धडा कितीही रंगवून शिकविला तरी वाया जातो. भिंतीवर पाळीपत्रक लावावे. त्यात मुले-मुली सर्वांची नावे हजेरीच्या क्रमाने असावीत आणि प्रत्येक काम प्रत्येकाच्या वाट्याला यावे. मॉनिटरही महिन्याने बदलावा. बोलणाऱ्या मुलांची नावे फळ्यावर लिहिण्याचे काम मात्र मॉनिटरला देऊ नये. त्यातून शिस्त येत नाही, वैर मात्र येते.

आता वेळेविषयी. पस्तीस मिनिटांचा तास असतो असे आपण म्हणतो. पन्नास मुलांची नावे पुकारून हजेरी घ्यायची तर प्रत्येकी चार सेकंद धरले तरी तीन मिनिटांहून अधिक वेळ जातो. त्यातच 'वह्या काढा', 'पेन नाही', 'गुरुजी, हा ढकलतोय', गृहपाठ न केलेल्यांची उलटतपासणी. दहा मिनिटे केव्हा गेली ते कळत नाही. वर्ग बिघडतो तो याच दहा मिनिटांत, कारण तेवढा वेळ चाळीस-पन्नास मुलांना करायला काही नसते. म्हणून वर्गात पाऊल टाकताच मुलांच्या हाताला काम द्यावे. फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात दोन लहान प्रश्न लिहून ठेवावेत. शक्यतो कालच्या पाठावरचे. मुलांनी आल्याबरोबर ते सोडवायला घ्यायचे, हा रोजचा रिवाज. तेवढ्यात शिक्षकाने रांगेतून फिरत डोक्यांची मोजदाद करून हजेरी भरावी आणि गृहपाठावर नजर टाकावी. पहिले दोन आठवडे या रिवाजाची आठवण करून द्यावी लागते. पुढे मुले आपण होऊन करतात.

ज्या शिक्षकाचे टाचण तयार नसते त्याला वर्ग आवरत नाही, हा अनुभव कोणीही तपासून पाहावा. पुस्तकाचे पान शोधताना, उदाहरण आठवताना, नकाशा आणायला मुलाला धाडताना जी फट पडते तीतूनच गडबड आत शिरते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेकब कौनिन यांनी अनेक वर्गांच्या कामकाजाचे चित्रण तपासून 1970 साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. मुलांनी खोडी केल्यानंतर शिक्षक काय करतो यात चांगले वर्ग आणि बेशिस्त वर्ग यांच्यामध्ये त्यांना म्हणावा तसा फरक आढळला नाही. फरक होता तो खोडी होण्यापूर्वीच्या वागण्यात. चांगल्या शिक्षकाचे सगळ्या वर्गावर लक्ष असते आणि ते तसे आहे हे मुलांनाही जाणवते. एका मुलाला समजावताना दुसऱ्या कोपऱ्यात काय चालले आहे हे त्याला कळते. एका कामातून दुसऱ्या कामाकडे तो खंड न पडू देता जातो. आपल्याकडे 'मास्तरांना पाठीमागेही डोळे असतात' असे मुले म्हणतात, ते काही उगाच नाही. फळ्यावर लिहिताना पूर्ण पाठ फिरवू नये, अंग थोडे तिरके ठेवून लिहावे, ही जुन्या शिक्षकांची सवय यासाठीच होती.

गिजुभाई बधेका (1885–1939) यांचे 'दिवास्वप्न' हे गुजराती पुस्तक मराठीतही उपलब्ध आहे आणि शिकविणाऱ्या प्रत्येकाने ते वाचावे. त्यातील उत्साही शिक्षक पहिल्याच दिवशी चौथीच्या वर्गात शांततेचा खेळ घ्यायला जातो आणि मुले त्याची पुरती फजिती करतात. नंतर तो गोष्ट सांगायला घेतो, तेव्हा तीच मुले त्याच्याभोवती गोळा होतात. शांतता मागून मिळाली नाही. कान देण्यासारखे काही मिळाले तेव्हा ती आली. आमच्या मते वर्गव्यवस्थापनावरच्या जाड पुस्तकांपेक्षा हा एक प्रसंग अधिक शिकवून जातो.

प्रश्न विचारण्याची रीत ही यापुढची पायरी. नेहमी घडते ते असे : प्रश्न सुटतो, पुढच्या बाकावरचे चार हात वर जातात, त्यातला एक उत्तर देतो आणि 'कळले ना सगळ्यांना?' यावर सामुदायिक 'हो' येतो. या 'हो'वर विसंबू नये. प्रश्न संपूर्ण वर्गाला विचारावा, थोडे थांबावे आणि मग एकाचे नाव घ्यावे. नाव आधी घेतले की उरलेली एकोणपन्नास मुले विचार करायचे सोडून देतात. थांबणे फार महत्त्वाचे आहे. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने विज्ञानाच्या तासांचे ध्वनिमुद्रण तपासले, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात असे तिला आढळले. तीन सेकंद किंवा अधिक थांबल्यावर उत्तरे लांब व विचारपूर्वक येऊ लागली आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलू लागली. तिला आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांना शिक्षक कच्चे समजत होते त्या मुलांना उत्तरासाठी हुशार मुलांपेक्षाही कमी वेळ दिला जात होता. ज्याला जास्त वेळ हवा त्यालाच कमी मिळतो! घरी पुस्तकी भाषा न ऐकलेले मूल प्रश्न मनात आपल्या बोलीत फिरवते, उत्तर शोधते, मग ते पुस्तकी मराठीत बसविते. त्याला तीन सेकंदही अपुरेच. त्याच्या तोंडून उत्तर बोलीत आले तर आधी उत्तर स्वीकारावे. भाषा नंतर सुधारता येते, पण उत्तराला हसू फुटले तर ते मूल पुन्हा वर्षभर तोंड उघडत नाही. कोणाला किती वेळा विचारले याचा हिशेब राहावा म्हणून टाचणाच्या वहीत नावांची यादी करून टिंबे देत जावीत. आठवड्याअखेर ज्या नावापुढे टिंब नाही ते मूल वर्गात असून नसल्यासारखे आहे.

एवढे करूनही खोड्या होतातच. मुलेच ती. तेव्हा लहान खोडीला लहान उपाय असावा. बोलता बोलता त्या मुलाच्या बाकापाशी जाऊन उभे राहावे. बहुतेक वेळा तेवढे पुरते. न पुरल्यास हळू आवाजात त्याचे नाव घ्यावे आणि करायचे काम सांगावे : 'तिसरे उदाहरण सोडव.' 'काय चाललंय तिकडे?' असे ओरडून विचारले की पाठ थांबतो, पन्नास माना वळतात आणि खोडकर मुलाला हवे ते व्यासपीठ मिळते. गंभीर गोष्ट तास संपल्यावर एकट्याशी बोलावी. एकाच्या चुकीसाठी साऱ्या वर्गाला उभे करणे हे तर अन्यायाचे प्रात्यक्षिकच होय.

छडी, ओणवे उभे करणे, कोंबडा करणे, अंगठे धरायला लावणे हे सर्व प्रकार बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, 2009 च्या कलम 17 ने निषिद्ध ठरविले आहेत. हा कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे आणि शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही त्याने मनाई केली आहे. जातीवरून, वस्तीवरून, आईबापांच्या धंद्यावरून टोमणा मारणे हा त्या छळाचा सर्वांत जुना प्रकार. आपल्या पालकांपैकी काही जण अजूनही 'गुरुजी, दोन ठेवून द्या पण शिकवा' असे सांगतात. त्यामागची शिक्षणाची तळमळ समजते, पण मार खाल्लेले मूल त्या दिवशी फक्त मार शिकते.

पटाचा प्रश्नही लक्षात घेतला पाहिजे. त्याच कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आणि सहावी ते आठवीसाठी पस्तीस मुलांमागे किमान एक शिक्षक असावा. पट त्याहून फुगला असेल तर पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीत तो प्रश्न मांडावा. सत्तर मुलांचा वर्ग केवळ कौशल्यावर चालविता येईल असे कोणी म्हणत असेल तर ते पटणारे नाही.

सायंकाळच्या अभ्यासवर्गाची अडचण निराळी. एकाच दालनात पाचवीपासून दहावीपर्यंतची मुले असतात आणि शिकविणारे दोघे. तेथे फळ्यावर एकच पाठ घेणे निरर्थक आहे. मुलांचे तीन गट करावेत, आणि ते इयत्तेपेक्षा वाचन व गणित किती येते यावरून करावेत. एका गटाला प्रत्यक्ष शिकवावे, दुसऱ्याला लेखी काम द्यावे, तिसऱ्या गटातील मुलांनी जोडीने एकमेकांना वाचून दाखवावे. वीस मिनिटांनी गट बदलावेत. सुरुवातीला गलका वाटेल. पण तो कामाचा आवाज असतो आणि सरावाने तो ओळखता येतो. आठवी-नववीच्या मुलांकडून लहानांना पाढे व वाचन करवून घ्यावे, मात्र त्यांचा स्वतःचा अभ्यास त्यात बुडू देऊ नये.

या वर्गांत गैरहजेरी फार असते. सलग तीन दिवस न आलेल्या मुलाच्या घरी चौथ्या दिवशी कोणीतरी जाऊन यावे. आईवडील कामावरून उशिरा येतात, धाकटे भावंड सांभाळायला दुसरे कोणी नसते, आणि ते काम बहुधा मुलीच्याच गळ्यात पडते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना ठाणे जिल्ह्यातील (आताच्या पालघर जिल्ह्यातील) कोसबाड येथे आदिवासी मुलांबाबत हीच अडचण आली होती. त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणून विकासवाडीचा प्रयोग केला. आपल्याला एवढे मोठे काम जमणार नाही, परंतु अशा मुलीला भावंडासह यायला सांगता येईल. दालनाच्या एका बाजूला सतरंजी टाकावी, दोन-तीन पाट्या, खडूचे तुकडे आणि चित्रांची जुनी पुस्तके ठेवावीत, आणि पाळीने एका कार्यकर्त्याने तेथे बसावे.